पायलीभर ज्वारी आणि दवाखान्याची वाट



यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा एकदा मुलांच्या पुस्तकातून काढून पाहा. उत्तरेला आणि पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि मध्ये सोळा तालुके. यवतमाळ शहर पठारावर वसलेले आहे. तिथून पांढरकवड्याची एस.टी. धरली की हळूहळू उतार लागतो. रस्त्याच्या कडेला कुठे सागाचे रान, कुठे पऱ्हाटीची वावरे. पुढे झरी-जामणीच्या बाजूला गेलात की डांबरी रस्त्यापासून आत कोलाम बांधवांची पोडे लागतात. पाच-पन्नास घरांची वस्ती, सारवलेली अंगणे, वस्तीच्या कडेला एखादा नाला. उन्हाळ्यात हा नाला पायी ओलांडता येतो. श्रावणात मात्र पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहावे लागते.

माझी नोकरी कृषी विस्ताराची. बियाणे, खत, कीड, फवारणी हे माझे विषय. पण पोडात जाऊन बसलो की बोलणे पिकावरून दुखण्यावर यायला वेळ लागत नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाबांना विचारले, "साप चावला तर आधी भगताकडे का जाता?" ते म्हणाले, "साहेब, भगत राती दोन वाजता उठते. दवाखान्याले जायचं तं गाडी कोन देते?"

या प्रश्नाला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होता येत नाही. त्यात हिशेब आहे. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

रेशनचे धान्य आपल्याला ठाऊक आहे. कार्डावर किती माणसे, माणशी किती किलो, सारे लिहिलेले असते. दवाखान्याचेही रेशन असते, पण ते कुठल्या पाटीवर लिहिलेले नसते. कागदावरचा नियम असा की सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. उपकेंद्र अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजारांमागे. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ते १९८९ साली सुरू झाले. पांढरकवड्याहून ते साठ-सत्तर किलोमीटर. पोडातून निघालात तर त्याहून लांब. हे अंतर, बुडणारी मजुरी, नाल्याचे पाणी आणि वॉर्डातल्या मोजक्या खाटा मिळून ठरवतात की उपचार कोणाला आणि केव्हा मिळणार. कोणी हुकूम काढत नाही, पण वाटणी होते. तीत ज्याचे घर लांब आणि खिसा रिकामा, तो मागे पडतो.

२०१७ साल आठवा. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीचा जोर, दमट हवा, बॅटरीवर चालणारे पंप, दोन-तीन औषधे एकत्र करून केलेली फवारणी. पंपाचा फवारा वर धरायचा आणि तेच तुषार तोंडावर, छातीवर पडायचे. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. काही कीटकनाशकांवर अमरावती विभागात तात्पुरती बंदी आली.

या विषबाधेचे एक लक्षात ठेवण्यासारखे आहे. फवारून आलेल्या माणसाला आधी नुसते मळमळते, डोळ्यांपुढे धूसर दिसते, घाम सुटतो, लाळ गळते. घरचे म्हणतात, ऊन लागले असेल. मग ताक, लिंबू, गुळाचे पाणी देतात. कोणी मिठाचे पाणी पाजून उलटी करवतो. त्यात मोलाचे तास जातात. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधाची बाधा झाली तर ॲट्रोपिनसारखी उतारा देणारी औषधे आहेत, पण ती दवाखान्यातच आणि वेळेत दिली तर उपयोगी पडतात. काही कीटकनाशकांना तर नेमका उतारा नाही. तिथे डॉक्टर श्वास आणि हृदय सांभाळत रोग्याला तारून नेतात. तेही खाट आणि यंत्र मिळाले तरच.

याचा अर्थ गावातले औषध टाकून द्या असा नव्हे. साध्या खोकल्याला अडुळसा घ्या, थकल्या अंगाला तेल चोळा, आजीबाईच्या बटव्याला माझी हरकत नाही. प्रश्न एवढाच विचारा की हे दुखणे थांबू शकते काय. जे थांबू शकते त्याला घरचा उपाय करून पाहता येतो. साप, विष, अडलेली बाई, धाप लागलेले तान्हे मूल ही थांबणारी दुखणी नव्हेत. तिथे घरचा उपाय हा दुसरा मार्ग नसतो. तो उशीर असतो.

आता माझ्याबरोबर उलट दिशेला चला. यवतमाळहून कळंब घ्या, चिंतामणीचे दर्शन करा, पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडून देवळीवरून वर्ध्याला आणि तिथून सेवाग्रामला. कुडाच्या भिंती, कवेलूची छपरे, मोठी झाडे. १९३६ साली गांधीजी इथे येऊन राहिले. माती, पाणी, ऊन आणि पथ्य यांवर त्यांचा मोठा भरवसा. १९४६ साली त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. पण त्याआधी, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, आंत्रपुच्छ सुजले तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. मातीच्या पट्टीवर विश्वास असलेल्या माणसानेही न थांबणारे दुखणे ओळखले.

त्याच सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालय आहे आणि १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत एक योजना उभी केली. सुगी झाली की प्रत्येक कुटुंबाने ज्वारी द्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त. गावातली बहुसंख्य घरे, विशेषतः गरिबांची घरे, आली तरच गाव योजनेत घ्यायचे. गोळा झालेल्या धान्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि औषधांचा खर्च भागवायचा. अचानक आलेल्या आजाराला रुग्णालयात मोफत उपचार. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी सवलत, पण काही खर्च घरच्याने सोसायचा.

पाहा बरे, वाटणी इथेही आहे. सारे सर्वांना फुकट, असे कोणी म्हटले नाही. पण कोणाला काय मिळणार हे गावाने आधीच बसून ठरवले, आणि रात्री दोन वाजता आजारी पडणाऱ्याला पहिला मान दिला. पुढे ज्वारीची वावरे कमी झाली आणि वर्गणी रोख झाली. विचार मात्र तोच राहिला.

आज आपल्याकडे काय आहे तेही मोजू. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, तिला पैसे लागत नाहीत. सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सांभाळून ठेवा, नावांची चूक असेल तर आजारपणाआधीच दुरुस्त करून घ्या.

आणि पोळ्याआधी, फवारणीचा जोर सुरू होण्यापूर्वी, गावात एक बैठक घ्या. चार गोष्टी ठरवा. रात्री कोणाची गाडी निघेल, तिच्या डिझेलचे पैसे कुठल्या डब्यातून येतील. जवळच्या कोणत्या केंद्रात सर्पदंशाची लस आहे, हे आशाताईंना विचारून समाजमंदिराच्या भिंतीवर लिहा. पोडात फोनला रेंज नसेल तर ती कुठल्या धुऱ्यावर मिळते, हे पोराटोरांनाही ठाऊक असू द्या. नाल्याला पूर असेल तेव्हा गरोदर बाई अलीकडे कोणाच्या घरी राहील, हेही आताच बोला.

साप चावलेल्याला कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी लावून तो हात-पाय स्थिर ठेवा आणि निघा. फवारणीची बाधा झाली तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, उलटी करवू नका, आणि औषधाचा डबा लेबलासह सोबत न्या. डॉक्टरांना तो डबा पाहून उपचार ठरवता येतो. लेबलावरचा तांबडा त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे गोड औषध असे मात्र समजू नका.

भगतालाही बैठकीला बोलवा. लोक त्याच्याकडे रात्री येणारच. आलेल्याला "आधी गाडीत बस, मी सोबत येतो" एवढे तो म्हणाला, तरी खूप झाले.