शनिवारची आच

गोमांसाचा ‘सरलॉइन’ हा तुकडा स्लो कुकरमध्ये आठ-आठ तास ठेवण्याची अमेरिकेतील घरगुती रीत वरवर सोयीची दिसत असली, तरी तिच्या मुळाशी एक विसंगती आहे. कारण जनावराच्या कमरेमागचा हा भाग खांद्याइतका राबलेला नसल्यामुळे मुळातच बऱ्यापैकी मऊ असतो आणि दीर्घ शिजण्यातून त्याला मिळण्यासारखे फारसे काही उरत नाही. इंग्लंडच्या एका राजाने जेवणावर खूश होऊन या तुकड्याला ‘सर’ ही पदवी बहाल केल्याची आख्यायिका गोड असली, तरी शब्द ‘कमरेच्या वरचे’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरूनच आला आहे.

मांसतंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजन हे चिवट प्रथिन ओल्या उष्णतेत साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू आणि ७० अंशांच्या पुढे अधिक वेगाने विरघळून जिलेटिन, म्हणजे रश्शाला बुळबुळीत दाटपणा देणारा पदार्थ, बनते. त्याच सुमारास तंतू स्वतः आकसून आपले पाणी बाहेर टाकतात. खांद्याच्या मांसात हे जिलेटिन त्या कोरड्या तंतूंवर लेपासारखे बसते, म्हणून ते जिभेला रसाळ लागते. सरलॉइनमध्ये विरघळायला पुरेसे कोलॅजनच नसल्याने भांडे रश्शाने काठोकाठ भरलेले असूनही आतल्या मांसाचा चोथा होतो. कुकरवरच्या ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन्ही खुणा अखेरीस उकळबिंदूच्या जवळपासच पोहोचतात, फरक फक्त तिथवर जायला लागणाऱ्या वेळेचा असतो. त्यामुळे ‘लो’वर ठेवून हा तुकडा वाचवता येईल ही आशाही फोल ठरते. सरलॉइनला तापलेल्या तव्याचीच संगत मानवते. स्लो कुकरचा मान खांद्याच्या वातड मांसाला द्यावा, हेच न्याय्य.

आणि या भांड्याचा जन्मही अशाच, घाई न करणाऱ्या अन्नासाठी झाला होता. शिकागोचे संशोधक आयर्विंग नॅक्सन यांनी १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मंजूर झाले. त्यामागे लिथुआनियातील व्हिल्ना शहराकडची, आईच्या तोंडून ऐकलेली एक आठवण होती. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, म्हणजे शब्बाथच्या विसाव्यात, ज्यू धर्मनियमांनुसार विस्तव पेटवता येत नाही. म्हणून तिथल्या बायका घेवड्याच्या जातीचे दाणे, जव, बटाटे आणि परवडेल तसे मांस एका मडक्यात भरून दिवस मावळायच्या आत पावाच्या भट्टीवाल्याकडे पोहोचवीत. आठवडाभराचे पाव भाजून झालेल्या त्या भट्टीत नवा विस्तव नसे, फक्त विटांनी धरून ठेवलेली ऊब असे. कोकणी चुलीच्या वैलावर, म्हणजे जाळ न लागणाऱ्या बाजूच्या तोंडावर, दुधाचे पातेले जसे आयत्या उबेवर राहते, तशीच ती मडकी रात्रभर राहत. दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रार्थना आटोपल्यावर, ज्याचे त्याने आपले मडके ओळखून घरी न्यायचे. ‘चोलंट’ नावाच्या त्या पदार्थात दाण्यांनी मांसाचा रस पिऊन तपकिरी रंग धरलेला असे, आणि स्वस्तातले चिवट तुकडेच त्यात सर्वाधिक खुलत. कॅन्सस सिटीच्या एका कंपनीने १९७० मध्ये नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने, नोकरीवर जाणाऱ्या गृहिणींसाठी बाजारात आणले. शब्बाथ मागे पडला, मडके राहिले.

मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजानेही कोकणात शब्बाथ पाळला. तेल गाळणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. मालकाबरोबर त्याच्या बैलालाही त्या दिवशी विसावा असावा, अशी आज्ञा त्यांच्या धर्मग्रंथातच आहे. शनिवारी घाण्याचा बैल जू उतरवून सावलीत रवंथ करी.