सफरीतला जागल्या

मुंब्र्याहून रत्नागिरीजवळचं आमचं गाव तीनशेहून अधिक किलोमीटर आहे. वर्षातून दोनदा आम्ही हा रस्ता गाडीने करतो, एकदा मे महिन्याच्या सुट्टीत आणि एकदा ईदला. गाडीत आम्ही दोघं, मुलांची दादी आणि तीन मुलं. आमच्यापैकी एक जण गाडी चालवतो, दुसरी शेजारी बसते. गावाला जायची ओढ सगळ्यांनाच असते. प्रश्न मधल्या आठ-दहा तासांचा असतो.

पूर्वी आम्ही हा प्रश्न मोबाइलवर सोडवायचो. प्रत्येकाच्या हातात एक, कानात एक. भांडण नाही, कटकट नाही. तीन वर्षांपूर्वीच्या एका रात्रीपर्यंत आम्हाला ही सोय फार बरी वाटत होती.

त्या रात्री रस्ता मोकळा मिळेल म्हणून इशा पढून निघालो. पेण मागे पडलं, नागोठणं गेलं. दादी आणि धाकटा गाढ झोपलेले. मधलीचा चेहरा मोबाइलच्या उजेडात निळा दिसत होता. थोरल्याच्या कानात इअरफोन. शेजारच्या सीटवरही डुलकी लागलेली. चालवणाऱ्याचे डोळे नेमके किती वेळ मिटले, ते आजही सांगता येणार नाही. डाव्या बाजूची चाकं खडीवर गेली, खडखडाट झाला आणि जाग आली. गाडी थांबली तेव्हा पुढे पंधरा-वीस पावलांवर रुंदीकरणासाठी खणलेला चर होता.

थोरल्याने इअरफोन काढून विचारलं, "पोहोचलो का?"

अल्लाहने वाचवलं. पण त्या प्रश्नाने आम्हाला पुढे कित्येक रात्री झोप लागू दिली नाही. एका गाडीत सहा माणसं होती आणि चालवणारा एकटा होता. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. रात्रीचा प्रवास बंद, फजर पढून निघायचं. आणि गाडीत मोबाइल फक्त रस्ता पाहायला, तोही एकच.

पहिल्या खेपेला मुलांनी पनवेलपर्यंत तोंडं फुगवली. मग दादीच म्हणाली, "खेळ काढा काहीतरी. सफरीत खेळणं काय आजचं आहे?" तिने हजरत आयशा (रजि.) यांची हकीकत सांगितली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यासोबत त्या सफरीत होत्या, दोघांनी धावण्याची शर्यत लावली आणि आयशा (रजि.) जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (सल्ल.) जिंकले आणि म्हणाले की ही त्या हारण्याची परतफेड. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात ही हकीकत आहे. मुलांना ती इतकी आवडली की रुसवा तिथेच संपला.

आमचा पहिला नियमही हदीसमधूनच आला. तीन माणसं सफरीला निघाली तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावं, अशी शिकवण आहे. आम्ही दर प्रवासाला एका मुलाला अमीर करतो. सफरीची दुआ त्याने आधी म्हणायची, मागून सगळ्यांनी. कुठला खेळ कधी, चहा कुठे, कोण खिडकीत बसणार, हे तो ठरवतो. नमाजच्या वेळेवर लक्ष त्याचंच. जुहरला महाडजवळ थांबून कसर नमाज अदा करायची, हे आता आम्हाला आठवण करून द्यावं लागत नाही. अमीरचा हुकूम अब्बूंनाही लागू असतो. मुलांना सगळ्यात जास्त मजा त्याचीच येते.

खेळांत पहिला मान नद्यांच्या हजेरीचा. मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो आणि कोकणातल्या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे धावतात. त्यामुळे हा रस्ता एकामागून एक नद्यांना भेटत जातो. पाताळगंगा, आंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव. नदी दिसायच्या आधी जो नाव घेईल त्याला एक गुण. नदी गेल्यावर आठवली तर गुण नाही. दादीला हा क्रम पाठ आहे. सून म्हणून ती एसटीने याच रस्त्याने यायची आणि उलट्या होऊ नयेत म्हणून नद्या मोजायची.

तिच्या त्या युक्तीत तथ्य आहे. आपल्या कानाच्या आत शरीराच्या हालचालीची जाणीव ठेवणारा भाग असतो. तो सांगतो की आपण हलतोय, वळतोय. डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुस्तकावर असले तर ते सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळायला लागतं. डोळे लांबच्या डोंगरावर, नदीवर ठेवले की दोन्ही निरोप जुळतात. आमच्या मधलीला वडखळपर्यंतच गाडी लागायची. नद्यांचा खेळ सुरू झाल्यापासून पिशवी क्वचितच काढावी लागते.

खेळातून प्रश्न निघतात. मे महिन्यात जगबुडीच्या पात्रात खडक दिसतात आणि तासाभरात येणाऱ्या वाशिष्ठीला मात्र पाणी असतं, असं का? धाकट्याने हे विचारलं तेव्हा आम्हालाही नीट सांगता आलं नाही. गावी गेल्यावर मोठ्या चुलत्यांनी समजावलं. कोयना धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली आणून त्यावर वीज तयार करतात आणि नंतर ते पाणी वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे सह्याद्रीपलीकडे, पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी आपल्या चिपळूणला येतं. येताना धाकट्याने हे सगळं आम्हालाच पुन्हा शिकवलं.

दुसरा खेळ एका गावाच्या एका गोष्टीचा. पाटी आली की ज्याची पाळी असेल त्याने त्या गावाची एक खरी गोष्ट सांगायची. "इथे वडापाव चांगला मिळतो" एकदाच चालतं. पेणला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. नागोठण्याला जुना दगडी पूल, तो १५८२ च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी बांधल्याचं सांगतात. महाडला चवदार तळं. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, हे मुलांना शाळेत शिकवतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या स्थानिक मुसलमानाने आपली जमीन दिली. हे थोरल्याने कुठल्याशा पुस्तकातून शोधून काढलं आणि महाडची पाटी येईपर्यंत पोटात दाबून ठेवलं. त्या दिवशी त्याला दोन गुण मिळाले.

महाडजवळ सावित्रीच्या पुलावर मात्र खेळ थांबतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्यांच्यात आपल्यासारखेच गावाहून मुंबईला निघालेले लोक होते. आता नवा पूल आहे आणि तो ओलांडायला मिनिटही लागत नाही. तेवढा वेळ गाडीत कोणी बोलत नाही. जो तो मनात दुआ करतो. मुसाफिराची दुआ कबूल होते, असं आपल्याला सांगितलेलं आहे.

तिसरा खेळ नंबरप्लेटचा. एमएच ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल, ०६ म्हणजे पेणचं आरटीओ, ०९ कोल्हापूर, १२ पुणे, ०७ सिंधुदुर्ग. पुढे जीए आणि केए, गोवा आणि कर्नाटक. ज्याने जो नंबर निवडला त्याने त्या गाड्या मोजायच्या. लहानांनी शेवटच्या चार आकड्यांची बेरीज केली तरी चालते. निघताना एमएच ०८ कोणी घेत नाही, कारण ती रत्नागिरीची, आणि पनवेलला कितीशा दिसणार? पण चिपळूण गेलं की तिचीच रांग लागते. दादी हट्टाने ०८ घेते आणि शेवटी तीच जिंकते.

घाटाचा खेळ सगळ्यात सोपा. सहीह बुखारीत हजरत जाबिर (रजि.) सांगतात, चढण लागली की आम्ही अल्लाहु अकबर म्हणायचो आणि उतरण लागली की सुबहानल्लाह. कशेडी घाटात आम्ही हेच करायचो. चढ संपून उतार नेमका कुठे सुरू होतो, ते ओळखायला कान आणि पोट दोन्ही लागतात. चुकीच्या ठिकाणी सुबहानल्लाह म्हणणारा हमखास हसू आणतो. आता कशेडीला सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे. वेळ वाचतो, वळणंही टळली. मुलांना मात्र घाट गेल्याची हळहळ आहे. ती कसर ते परशुराम घाटात भरून काढतात. खाली वाशिष्ठीचं खोरं दिसू लागलं की दादीही त्यांच्या आवाजात आवाज मिसळते.

जेवणानंतर, डोळे जड व्हायच्या वेळी, हो-नाहीचे प्रश्न. एकाने कुराणात आलेली एखादी हकीकत मनात धरायची, बाकीच्यांनी फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. त्यात पाणी आहे का? जनावर आहे का? मासा असला तर हजरत युनूस (अलै.), मुंगी किंवा हुदहुद असला तर हजरत सुलैमान (अलै.), विहीर असली तर हजरत युसूफ (अलै.). दादी मध्येच कोडं घालते. "गावापर्यंत सोबत येतो, पण गाडीत बसत नाही, तो कोण?" धाकट्याला वाटलं टोलवाला. उत्तर होतं चांद.

एकदा थोरला म्हणाला, नुसत्या गुणांत मजा नाही, हारणाऱ्याने दहा रुपये द्यायचे. ते आम्ही तिथेच थांबवलं. दहा रुपयांचा असला तरी जुगार तो जुगार. त्याऐवजी हारणाऱ्याने सगळ्यांना संत्री सोलून द्यायची किंवा थांब्यावर कचऱ्याची पिशवी टाकून यायची, असं ठरलं. त्यामुळे गाडी स्वच्छ राहते, हा आणखी एक फायदा.

आता शेवटचा आणि आमच्या मते खरा खेळ, जागल्याचा. पूर्वी गावात रात्री पहारा देणारा जागल्या असायचा. तसा आमच्या गाडीत चालवणाऱ्याचा एक जागल्या असतो. हे काम आलटून-पालटून मोठ्यांकडे आणि थोरल्याकडे येतं. त्याने शेजारी बसायचं, झोपायचं नाही आणि अधूनमधून चालवणाऱ्याला साधा प्रश्न विचारायचा. मागची नदी कोणती? पुढचं गाव कोणतं? चालवणाऱ्याला बाकी खेळांत घ्यायचं नाही. नंबरप्लेट बघायला, बेरजा करायला लावायचं नाही. त्याची नजर रस्त्यावरच. उत्तर लगेच आलं तर सगळं ठीक. उशिरा आलं, चुकलं, किंवा नुसतंच "हं" आलं, तर जागल्याने अमीरला सांगायचं.

गेल्या मे महिन्यात धाकटा अमीर होता, वय वर्षे नऊ. जागल्या थोरला. चिपळूण सोडून सावर्ड्याकडे निघालो होतो. दुपारचे तीन वाजत आलेले, पोटात जेवण, बाहेर रखरखीत ऊन. थोरल्याने विचारलं, "अब्बू, मागची नदी कोणती?" पुढून थोड्या वेळाने उत्तर आलं, "जगबुडी."

थोरला मागे वळून म्हणाला, "अमीरसाहेब, अब्बू एक नदी विसरले."

धाकट्याने हुकूम सोडला, "गाडी बाजूला घ्या."

"अरे, मला झोप नाही आली. हातखंब्याला थांबू."

"अमीर कोण आहे?"

गाडीत शांतता पसरली. दादी हळूच म्हणाली, "बेटा, अमीर सांगतोय."

पुढच्या हॉटेलच्या आवारात सावलीला गाडी लावली. सीट मागे घेतली, आणि झोप नाही म्हणणारा माणूस दोन मिनिटांत घोरायला लागला. अर्धा तास कोणी त्याला उठवलं नाही. मुलं बाहेर आंब्याच्या झाडाखाली दबक्या आवाजात नंबरप्लेट मोजत बसली.

म्हणून हे लिहावंसं वाटलं. झोप आली असेल तर कुठलाही खेळ, कुठलाही चहा तिला फार वेळ रोखत नाही. तिचा इलाज झोप हाच आहे. पण झोप येतेय हे चालवणारा स्वतः कबूल करत नाही. ते दुसऱ्या कोणाला तरी कळावं लागतं आणि कळायचं तर गाडीतली माणसं एकमेकांसोबत जागी असावी लागतात. खेळ त्यासाठी.

त्या दिवशी गावी पोहोचायला मगरिब झाली. अंगणात उतरताना थोरल्याने चावी मागितली, सामान काढायला. मग म्हणाला, "परत जाताना पण मीच पुढे बसणार."

दादी काठी टेकत घरात शिरली आणि दारातूनच सगळ्यांना सांगू लागली, एमएच ०८ किती मोजल्या ते.