उंबऱ्याबाहेरची बेगमी

‘बेगमी’ हा शब्द आमच्या पिढीपर्यंत तरी घरोघरी वापरात होता. पावसाळा तोंडावर आला की धान्य, डाळी, तिखटमीठ, वाळवणे आणि सरपण भरून ठेवायचे, याला बेगमी म्हणत. कोकणात हीच लगबग अगोटीची म्हणून ओळखली जाते. गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगिजांकडून आलेला आहे. या सगळ्या शब्दांमागे एक गृहीत आहे. संकट बाहेर असते आणि आपण आत असतो. म्हणून भरायचे ते घर. पण घरच सोडावे लागले तर काय भरायचे, यासाठी आमच्या घरगुती बोलीत शब्द नव्हता. ‘आपत्कालीन सज्जता’ हा शब्द परिपत्रकातला. स्वयंपाकघरात तो कुणी उच्चारत नाही.

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २००५ साली नदी ५३ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा पाणी आमच्या उंबऱ्याला टेकून थांबले. पुढची चौदा वर्षे तो पूर म्हणजे गावाची मोजपट्टी झाला. कुणाच्या भिंतीवर रेघ होती, तर कुणाच्या बोलण्यात. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी चढू लागले, तेव्हा पेठेत जो तो त्या रेघेचाच हवाला देत होता. नदी ५७ फुटांच्या पुढे गेली. दोन पुरांतले अंतर सुमारे चार फुटांचे. पण या चार फुटांत उंबऱ्यावर थांबलेले पाणी घरात कमरेच्या वर गेले. आमच्या आईला खुर्चीसकट उचलून बोटीत बसवावे लागले. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसे घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले.

स्मृती ही साहित्याची मोठी ठेव आहे, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. पुराच्या बाबतीत मात्र स्मृती दगा देते, कारण ती शेवटच्या मोठ्या संकटालाच संकटाची कमाल मर्यादा मानते. घराच्या तयारीची सुरुवात आम्ही या विचारापासून केली. सामानाची यादी त्यानंतर आली.

अडचण निराळीच निघाली. ‘वास्तू तथास्तु म्हणत असते’ हे वाक्य ऐकत आम्ही वाढलो. घरात बसून घर बुडण्याची भाषा करायची नाही, असा दंडक होता. आई तर या विषयावर उठून जाई. ऐंशी ओलांडलेली, रोज इन्सुलिन घेणारी बाई. तिच्यावाचून केलेला कोणताही बेत फुकट होता. शेवटी एका रविवारी तिलाच विचारले की, पुन्हा पाणी आले तर कोणत्या अटीवर निघशील? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला उचलून न्यायचं नाही. मी माझ्या पायांनी निघेन आणि कुलूप मी लावीन.”

या एका अटीने सगळे ठरले. आईला तिच्या पायांनी निघायचे असेल, तर रस्ता कोरडा असतानाच निघायला हवे. म्हणून पाणी दारातून दिसण्याची वाट पाहायची नाही. आयर्विनचा आकडा ४० झाला की निघायचे, असे ठरले. आकडा ठरला आणि वादाला जागा उरली नाही. ‘अजून बघू’, ‘रात्रभर थांबू’ ही वाक्ये त्या दिवसापुरती आमच्या घरातून हद्दपार झाली. कोणाकडे जायचे, कोणत्या रस्त्याने, आणि चुकामूक झाली तर पुण्याच्या बहिणीला प्रत्येकाने फोन करायचा, हेही ठरले. नंबर वहीच्या कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवले, कारण वीज गेली की मोबाइलच्या पोटातले नंबर त्याच्याबरोबर जातात. त्याच कागदावर ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक आहेत.

मग पिशवी भरली. पिशवी एकच, घरातल्या कुणालाही खांद्यावर घेता येईल एवढी. आधारकार्डे, रेशनकार्ड, घराची कागदपत्रे, बँकेची आणि विम्याची पुस्तके, सगळे प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत. त्यांची छायाचित्रे बहिणीकडे. आठवड्याची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. बॅटरी, शिट्टी, थोडी रोख रक्कम सुट्या नोटांत, चष्म्याचा जुना जोड, चिक्की आणि भडंग. वीज नसताना इन्सुलिन कसे टिकवायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले.

घरातच अडकण्याची वेळ आली तर पाणी हीच पहिली चणचण असते. पुरात सगळीकडे पाणी असते आणि पिण्याला थेंब नसतो. माणशी दिवसाला चार लिटर धरले, तर आम्हा पाच जणांना तीन दिवसांना साठ लिटर लागतात. तेवढे झाकणाचे कॅन माडीवर आहेत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे जुलाबावरचे प्रमाण कॅनवरच चिकटवले आहे. निघताना मेन स्विच बंद कोणी करायचा आणि गॅसचा रेग्युलेटर कोणी काढायचा, याची नावे नेमली आहेत.

पूर निदान सवड देतो. भूकंप देत नाही. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आई अजून सांगते. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात झोपलेली माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. आमच्या घरी भिंतभर पुस्तके आहेत, तशी ती बहुतेक वाचकांकडेही असतील. ती कपाटे आता लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडली आहेत, जाडजूड कोश खालच्या फळीवर उतरवले आहेत आणि कपाटाखाली कुणाचेही अंथरूण पडत नाही.

पुस्तकांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. पिशवीत एकही पुस्तक बसत नाही. विकत मिळणारे खालीच राहील आणि न मिळणारे माडीवर जाईल, असा नियम केला. हस्तलिखिते आणि टिपणवह्या कायमच्या वर गेल्या. आपल्या संग्रहात खरोखर न मिळणारे किती थोडे आहे, ते त्या दिवशी उमगले. मन थोडे खट्टू झाले आणि बरेच हलकेही.

जुलै २०२१मध्ये नदी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेली. घरात घोट्याच्या वर पाणी आले, गाळ उपसायला चार दिवस लागले, खालच्या फळीवरचे दोन कोश गेले. आम्ही मात्र आकडा ४० होताच निघालो होतो. रस्ता कोरडा होता. आईने स्वतः कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली कनवटीला खोचून रिक्षात बसली.

आता मृग लागण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, असे वर्षातून दोनदा पिशवी उपसतो. औषधांच्या तारखा पाहतो, बॅटरीतले सेल बदलतो, कॅनमधले पाणी बदलतो. आई या कामाला ‘बेगमी’च म्हणते. आम्हीही तोच शब्द वापरू लागलो आहोत.