भरती-ओहोटीचे बेट

सुट्टी लागली की वर्तमानपत्रांत सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत निळ्याशार समुद्रातल्या बेटांची चित्रे असतात. माल्टा, सिसिली, सायप्रस ही सगळी भूमध्य समुद्रातली बेटे. 'जुना किल्ला पाहा, पडक्या चर्चमधून फिरा, टेकडीवरच्या देवळातून समुद्र पाहा, होडीत बसून छोट्या बेटावर जा, मिठागरात सूर्यास्त पाहा,' असे त्या जाहिरातींत लिहिलेले असते. शेवटी खर्चाचा आकडा येतो आणि आईबाबा तो कागद हळूच घडी घालून ठेवतात!

पण या यादीतली प्रत्येक गोष्ट मुंबईच्या लोकलच्या तिकिटात पाहायला मिळते, असे सांगितले तर? चला, आज आपण जूचंद्रला मुक्काम ठोकू आणि तिथून एक बेट पालथे घालू. दोन-तीन दिवस मात्र हवेत, बरं का!

जूचंद्र हे पालघर जिल्ह्यातले, वसई तालुक्यातले गाव. पश्चिम रेल्वेच्या नायगाव स्थानकावर उतरून पूर्वेला गेले की ते येते. वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तर या गावाच्या नावाचे स्वतंत्र स्थानकच आहे.

आधी भूगोलाची वही काढा आणि एक नकाशा रेखाटा. पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचे मुख. उत्तरेला वैतरणा नदीचे मुख. आणि या दोघींना जोडणारी, पूर्वेकडून वळसा घालणारी सोपाऱ्याची खाडी. झाले की नाही चारी बाजूंनी पाणी? जुन्या काळी वसई हे खरोखर बेटच होते. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरून अरुंद झाली, तिच्यावर रस्ते आणि पूल आले, म्हणून आज ते बेट आहे हे आपल्याला जाणवत नाही. जूचंद्र आहे या बेटाच्या उंबरठ्यावर.

आणखी एक गंमत. गोव्यात सांत इस्तेव्ह नावाचे बेट आहे. त्याला तिथले लोक 'जुवें' म्हणतात, कारण कोकणीत जुवें म्हणजे बेट. आता वसईच्या खाडीतल्या बेटाचे नाव पाहा : पाणजू. आपण उतरलो ते गाव : जूचंद्र. हा 'जू' आणखी कोणत्या गावांच्या नावांत सापडतो, ते नकाशावर तुम्हीच शोधा.

पहिल्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी चंडिका देवीची टेकडी चढायची. नवरात्रात इथे खूप गर्दी असते, एरवी शांत असते. वर पोहोचलात की दम खा आणि खाली पाहा. गावापलीकडे सपाट, चौकोनी, आरशाचे तुकडे मांडल्यासारखे काहीतरी दिसेल. ती मिठागरे!

मिठागर पाहायला हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतच यावे. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. हो, मीठही 'पिकते'च. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, ते बांध घालून मोठ्या तळ्यात अडवायचे. मग एका तळ्यातून दुसऱ्या उथळ तळ्यात, तिथून तिसऱ्यात असे फिरवायचे. प्रत्येक ठिकाणी ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात, आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. शेवटी पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यात ते सोडले की खाली मिठाचे खडे धरू लागतात. लांब दांड्याच्या फळीने ते ओढून ढीग रचायचे. उन्हाच्या तडाख्यात, खारट पाण्यात अनवाणी उभे राहून हे काम करावे लागते. 'आगरी' हे नाव या आगरांवरूनच आले. मिठागरात जाताना तिथल्या माणसांना आधी विचारा आणि बांधावरूनच चाला. वाफ्यात पाय घातलात, तर कुणाची तरी कित्येक दिवसांची मेहनत वाया जाईल.

घरी एक प्रयोग करून पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि पसरट थाळीत गच्चीवर ठेवा. किती दिवसांनी खडे दिसतात, ते लिहून ठेवा.

आता भूमध्य समुद्राकडे वळू. सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला त्रापानी नावाचे गाव आहे. तिथेही मिठागरे आहेत, पण तिथे पाणी खेचायला पूर्वी पवनचक्क्या वापरत. आपल्याकडे उघाडी उघडली की झाले, मग त्यांना पवनचक्की कशाला? उत्तर सोपे आहे. भूमध्य समुद्राचे तोंड जिब्राल्टरला फक्त १४ किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे महासागराची भरती आत फारशी शिरतच नाही. तिथले पाणी बहुतेक ठिकाणी एक-दोन वितीच वरखाली होते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरांचा फरक पडतो. म्हणजे दोन-अडीच माणसे एकावर एक उभी राहिली तर होईल तेवढा! जे काम त्यांना यंत्राने करावे लागे, ते आपल्याकडे चंद्र फुकटात करतो.

म्हणूनच या बेटावर फिरायचे तर घड्याळाइतकेच पंचांगही हवे. आपल्या कोळीबांधवांचा हिशेब अगदी सोपा आहे : तिथीचा पाऊणपट. आज चतुर्थी असेल तर चारचा पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतोच, पण सहलीचा बेत आखायला एवढे पुरे.

संध्याकाळी गावात फेरफटका मारा. जूचंद्र रांगोळीकारांचे गाव म्हणून ओळखले जाते. दिवाळीत आलात तर इथल्या रांगोळ्या पाहायला विसरू नका. जमिनीवर चितारलेला चेहरा फोटोसारखा वाटावा, इतक्या हुबेहूब असतात त्या!

दुसरा दिवस वसईच्या किल्ल्याचा. २०२४ पासून भाईंदर आणि वसई किल्ल्याजवळचा धक्का यांच्यामध्ये खाडीतून रो-रो बोट सुरू झाली. मुंबईकडून येणाऱ्यांना बेटावर बेटासारखे, म्हणजे पाण्यातून, येता येते.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी इथे तटबंदीच्या आत अख्खे शहर वसवले. तटाचे टोकदार, पुढे आलेले बुरूज नीट पाहा. तोफा आल्या आणि जुन्या उंच, बारीक भिंती कुचकामी ठरल्या. मग जाड भिंती आणि असे कोन काढलेले बुरूज बांधायची पद्धत युरोपात निघाली. त्याच शतकात, १५६६ साली, माल्टा बेटावर व्हॅलेटा शहराची तटबंदी उभी राहू लागली, तीही याच पद्धतीची. व्हॅलेटा आणि वसई म्हणजे नात्यातली भावंडेच म्हणायची.

या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल होती. म्हणून चिमाजी अप्पांच्या फौजेने उत्तरेकडून, जमिनीच्या बाजूने, तटाखाली सुरुंग पेरले. दीर्घ आणि रक्तरंजित लढाईनंतर १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. इथल्या चर्चमधल्या घंटा मग दूरदूर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही त्या पाहायला मिळतात. पुढे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही वसईचाच. म्हणजे मराठ्यांचा एक मोठा विजय आणि एक मोठी माघार, दोन्हींवर एकाच गावाचे नाव!

किल्ल्यात नागेश्वराचे देऊळ आहे आणि संत गोन्सालो गार्सियांची आठवण जपणारे चर्चही. गोन्सालो वसईत जन्मले, जपानला गेले आणि १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आले. छत नसलेल्या त्या कमानींखाली उभे राहून वसई ते नागासाकी हा शिडाच्या जहाजाचा प्रवास मनात आणून पाहा. आणि हो, भिंतीवर स्वतःचे नाव कोरायचे नाही. तुमचे नाव तिथे असावे असे काही तुम्ही अजून केलेले नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी नालासोपारा. लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी मोठे बंदर होते. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका प्रवासपुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, याचे नाव 'सुप्पारा' असे येते. बघा, त्या काळी भूमध्य समुद्राकडचे व्यापारीच आपल्या बेटावर येत होते! इथे 'बुरूड राजाचा कोट' नावाची टेकडी होती. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली ती खणली, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी करंडा, त्यात एकात एक बसवलेल्या डब्या आणि सोन्याची फुले सापडली. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याला मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला.

दुपार टळली की किनारा गाठायचा. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा असे एकामागून एक किनारे आहेत आणि काठाने सुरूची झाडे. जाहिरातीतले निळे पाणी इथे मिळणार नाही. नद्या-खाड्यांचा गाळ आणि रोजची ही दांडगी भरती-ओहोटी यांमुळे पाणी मातकट असते. पण ओहोटीला इथे जी लांबच लांब ओली वाळू उघडी पडते, ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर सहसा पाहायला मिळत नाही. खेकड्यांनी रचलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी पाहा, तुरुतुरु पळणारे तुतवार पाहा. मात्र पाणी उलटले की लगेच काठाकडे निघायचे. पोहण्याचा हट्ट नको, आणि पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही नको. आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे.

अर्नाळ्याहून होडीने थोड्याच वेळात अर्नाळा बेटावर जाता येते. बेटावर पूल नाही. कोळ्यांचे गाव आहे, कालिकामातेचे देऊळ आहे आणि चौकोनी किल्ला आहे. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. हा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला. भारतीय नौदलाच्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला याच किल्ल्याचे नाव दिले आहे. ती 'अर्नाळा' १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. परतीच्या होडीची वेळ आधीच विचारून ठेवा, आणि चपला हातात घेऊन पाण्यातून चालायची तयारी ठेवा. खाऊ म्हणून वसईची सुकेळी घ्या. उन्हात वाळवलेली ही केळी गोड, चिवट आणि बरेच दिवस टिकणारी. मिठागराला जे ऊन लागते, तेच हिलाही लागते.

सहल संपली. आता मोठ्यांनी आणि छोट्यांनी मिळून विचार करायची एक गोष्ट. त्रापानीची मिठागरे १९९५ साली निसर्गासाठी राखून ठेवण्यात आली. आता तिथे पक्षी येतात, प्रवासीही येतात, आणि मीठही पिकते. वसई-नायगाव परिसरातली कितीतरी मिठागरे मात्र बंद पडली, काहींवर भराव पडला. मिठागर आणि खाजण ही पाण्याने येऊन बसायची जागा असते. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, की नद्यांचे पाणी समुद्र आत घेत नाही. मग ते पाणी पसरायला जागा शोधते. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार असेच पाण्यात बुडाले. रेल्वे बंद पडली आणि मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसे अडकली. समुद्र दिवसातून दोनदा घरी येणारा पाहुणा आहे. त्याची बसायची जागा आपण घेतली, तर तो आपल्या पलंगावर येऊन बसणारच!

म्हणून पुढच्या सुट्टीत चंडिका टेकडीवरून खालची मिठागरे वहीत काढा. किती वाफ्यांत पाणी आहे, किती कोरडे आहेत, किती ठिकाणी माती पडली आहे ते टिपा आणि तारीख घाला. पुढच्या वर्षी पुन्हा या, पुन्हा मोजा. दोन्ही पाने शेजारी ठेवून वर्गात दाखवा. आपल्या बेटाचे काय चालले आहे, ते तुमच्या वर्गाला त्या दोन पानांवरून कळेल.