डलहौसीतला पांढरा चहा

मंगळवार. कोलकात्याच्या डलहौसीतलं ऑफिस, महिनाअखेरीची घाई आणि फायलींच्या आडोशाला नमुन्याच्या पुड्या. आधी दार्जिलिंगचा पांढरा चहा: न उमललेल्या कळ्या, अंगावर रुपेरी लव. या कळ्या मळत नाहीत, नुसत्या सुकवतात. पाणीही खळखळतं नको, ८० अंशांच्या आसपास पुरे. कपात रंग जेमतेम, पण घोट गिळल्यावर गोडसर चव जिभेवर रेंगाळते. मग तुळस आणि गवती चहा. यात चहाचं पान औषधालाही नाही. आई सर्दीवर पाजायची तो काढाच, फक्त डबा देखणा. या शहरात १८६१पासून चहाचे लिलाव चालतात. इथले पारखी मोठ्यानं भुरका मारतात नि थुंकून टाकतात. आपल्याला पारखायचं कुठंय? आपण प्यायचा, पुढची फाईल उघडायची.