वीर्य आणि खुराक

'वीर्य' हा शब्द 'वीर'पासून आलेला. पराक्रम हा त्याचा मूळ अर्थ, शुक्र हा नंतरचा. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असल्यामुळे बळ आणि प्रजननक्षमता एकच, हे आपण न तपासता गृहीत धरतो. मीही धरले होते.

लहानपणी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीत जात असे. वस्तादांचे सारे शास्त्र दोन सूत्रांत सामावलेले होते: लंगोट पक्का हवा आणि खुराक भरपूर हवा. शुक्र हा सातवा, अखेरचा धातू. अन्नाचे सार तिथे साठते, म्हणून ते राखावे, ही आयुर्वेदातून आलेली धारणा तालमीच्या लाल मातीतही मुरलेली होती.

पुढे अध्यापक झालो, कुस्ती सुटली आणि अडतिसाव्या वर्षी धावण्याचे वेड लागले. आठवड्याला ऐंशी-नव्वद किलोमीटर धावत असे. वजन उतरावे म्हणून रात्रीचे जेवणही सोडले. लोक कौतुक करीत. त्याच काळात आम्ही दोघे मुलाची वाट पाहत होतो. दोन वर्षे तपासण्या चालल्या, त्या केवळ पत्नीच्या. माझी तपासणी करावी असे कुणाला सुचले नाही. मला तर मुळीच नाही. इच्छा मंदावली होती, झोप उडाली होती. तरीही आरशातला सडपातळ धावपटू मला निर्दोष वाटत होता.

अखेर माझे रक्त तपासले गेले. टेस्टोस्टेरॉन कमी होते. ते कमी झाले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीने आपला संदेश वाढवायला हवा. माझ्या बाबतीत तो संदेशच क्षीण झाला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवता काय?"

नंतर वाचत गेलो. आठवड्याला ६४ किलोमीटर वा अधिक धावणाऱ्या पुरुषांत हे संप्रेरक कमी आढळल्याचा अभ्यास १९८४ सालीच प्रसिद्ध झाला होता. बेताचा व्यायाम हितकरच असतो. स्थूल पुरुषाचे वजन उतरले तर टेस्टोस्टेरॉन वाढतेही. जोर-बैठकांसारख्या कष्टाच्या व्यायामानंतर ते घटकाभर चढते आणि पूर्ववत होते. मात्र वर्षानुवर्षे कष्ट अधिक आणि अन्न अपुरे असे घडले, की शरीर खर्चात काटकसर करते आणि प्रजननाचा खर्च लांबणीवर टाकते. सर्वच धावपटूंचे असे होत नाही; अनेकांत घट सामान्य मर्यादेतच राहते. स्त्री-खेळाडूंची पाळी थांबते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. ऊर्जेच्या या तुटीत पुरुषांचाही समावेश आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली केला.

म्हणजे वस्तादांचे पहिले सूत्र चुकले होते. वीर्य साठवून बळ वाढत नाही. दुसरे मात्र अचूक होते. मी नेमके तेच विसरलो होतो.

धावणे निम्म्यावर आणले, रात्रीचे जेवण सुरू केले. नवे शुक्रजंतू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात. संप्रेरक पूर्ववत व्हायला मला जवळजवळ वर्ष लागले. पत्नीने सोसलेली दोन वर्षे मात्र परत येणारी नव्हती. अहवाल तिच्या हातात दिला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "हे आधी बघायला हवं होतं." 'वीर्य' हा शब्द वर्गात समजावताना आता मला तिचे ते वाक्य आठवते.