निरामिष आमिष

'गळाला लागणे' हा वाक्प्रचार आम्ही वर्गात वीस-बावीस वर्षे शिकवला. वाक्यात उपयोगही करून दाखवला. त्यातला मासा बहुधा एखादा भोळा मतदार असे. प्रत्यक्ष गळ मात्र कधी हातात धरला नव्हता. तो योग गेल्या फाल्गुनात आला, आंबेगाव तालुक्यातल्या डिंभे धरणाच्या काठी.

घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. 1930 साली मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकसमोर आडवे होऊन प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव मात्र या पाण्याखाली गेले आहे. कचेऱ्या घोडेगावात आणि नावाचे गाव पाण्यात, अशी ही व्यवस्था.

आमचे गुरू साठी ओलांडलेले, महादेव कोळी समाजातले. शिकायचे आहे म्हणताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "सोसायटीला विचारलंत का, सर?"

विचारले नव्हते. धरणातले मासे कोणाचेच नसतात, अशी आमची पुस्तकी समजूत होती. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून सोडावी लागतात. इथे ते काम धरणाने विस्थापित केलेल्या आदिवासींच्या मच्छीमार सहकारी संस्थेने अंगावर घेतले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. तेव्हा गळ टाकण्याची पहिली पायरी परवानगीची. ती घेतली.

पुढचे सारे साधे होते. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा मणी, थर्मोकोलचा तुकडा आणि करंगळीच्या नखाएवढी गरी. (आम्ही शहरातून चांगली दणकट गरी नेली होती, ती त्यांनी न बोलता परत खिशात घालायला लावली.) आधी शिसे सोडून खोली मोजायची आणि आमिष तळाला जेमतेम टेकेल असा थर्मोकोल सरकवायचा. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि बाहेरून आलेला सायप्रिनस तळाशी. कोणाला बोलवायचे, त्यावर तरंग्याची जागा ठरते. मग भिजवलेली शेंगदाण्याची पेंड मूठभर, एकाच ठिकाणी टाकायची आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसायचे.

आमिष होते कणकेचे. घट्ट मळलेल्या, थोडी हळद घातलेल्या गोळीत गरी पुरती झाकायची. इथे आमच्यातला भाषाशिक्षक जागा झाला. आमिष म्हणजे मूळ संस्कृतात मांस; त्यावरूनच निरामिष. म्हणजे आमच्या हातात होते ते निरामिष आमिष! बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिले आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावे हेही सांगितले. एवढे आम्हांला ठाऊक होते. हे सारे आम्ही गुरूंना ऐकवले. "तुम्ही बोलताय तेवढ्यात गोळी खाऊन गेला," ते म्हणाले.

खरेच गेला होता. या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. ते घास तोडत नाहीत. ओढून चाखतात, संशय आला की थुंकतात. तरंगा नुसता थरथरतो तो हा चाखण्याचा वेळ. तेव्हा झटका दिला की रिकामी गरी हाती येते. तरंगा तिरका होऊन सरकू लागला की मगच मनगटाने हलका हिसका. आम्ही दोनदा घाई केली. भोळा मतदार हे उदाहरण किती चुकीचे होते, हे तेव्हा उमगले. गळाला लागण्यापूर्वी मासा बराच विचार करतो.

तिसऱ्यांदा थांबलो. तरंगा थरथरत असताना, आवाज न चढवता, गुरू म्हणाले, "तुमचा गळ आहे ना, त्याच्या खाली आमचं खाचर."

आम्ही तरंग्याकडे पाहत राहिलो. त्यांनी हाताने बांध दाखवला, पाण्यावरच, इथून तिथवर. "भात चांगला व्हायचा. मे महिन्यात पाणी उतरलं की वरचा तुकडा अजून दिसतो." काय बोलावे ते सुचेना. शिशाने मघाशी आम्ही मोजली होती ती खोली त्यांच्या बांधावरची होती.

"ओढा, सर. चालला तो."

मृगळ होता. काठी वाकली, त्यांनी सांगितल्याप्रमाणे तंगूस ताणला नाही, त्याला दमू दिले आणि काठाच्या चिखलात अलगद घेतला. संस्थेच्या काट्यावर तो सव्वा किलो भरला. भावाप्रमाणे पैसे दिले. परत आलो तेव्हा गुरू उरलेली कणीक पाण्यात कुस्करून टाकत होते, त्याच जागी.


"उद्या परत येतील," ते म्हणाले.